मार्तंडरावांचा एन

काम म्हटलं तर अर्ध्या तासाचं होतं. मुलुंड पूर्वेला आईकडे जायचं, बाबांचा जुना कॉम्प्युटर सुरू करायचा, त्यांच्या मेलमधलं ठेवण्यासारखं काही असेल ते काढून घ्यायचं आणि आईच्या हातचा चहा पिऊन घाटकोपरला परत यायचं. शनिवारी दुपारी निघताना रेवतीने नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं. "पाचपर्यंत येते रे देवव्रत, तोवर मेथी निवडून ठेव." देवव्रतने मान डोलावली. मेथी अर्थातच निवडली नाही, पण तो वेगळा विषय.

रेवतीचे बाबा, मार्तंडराव, मार्चमध्ये गेले. आरे कॉलनीतल्या एका संशोधन संस्थेत चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही संस्थेने त्यांचं मेलचं खातं चालू ठेवलं होतं, आणि एके दुपारी त्या मेलपुढेच, खुर्चीत बसल्या बसल्या, त्यांनी मान टाकली. आता संस्थेने नियम काढला की गेलेल्या माणसांची खाती एकतीस डिसेंबरला बंद करायची. तिथला सर्व्हर सांभाळणारे शरच्चंद्रकाका मार्तंडरावांचे जुने स्नेही. त्यांनी आदल्या दिवशीच फोन केला होता. "रेवती, मी पासवर्ड बदलून तुला देतो. परक्या माणसाने बाबांची पत्रं चाळण्यापेक्षा तूच बघून घे बाळ."

आता या मेलबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मार्तंडरावांना माउसचा भारी तिटकारा. त्यांचा मेल म्हणजे काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. एका ओळीत एक मेल. तारीख, कोणाकडून आला, विषय, बस्स. सगळा कारभार कीबोर्डावरच्या एकेका अक्षरावर चालायचा. उघडलेला नाही अशा मेलच्या ओळीपुढे इंग्रजी एन हे अक्षर असतं. मेल उघडला की एन जातो. इथवर काही विशेष नाही. पण मार्तंडरावांची स्वतःची एक रीत होती. वाचलेल्या मेलमधलं एखादं काम करायचंच असं ठरलं, की ते मुद्दाम शिफ्ट आणि एन दाबून त्या ओळीला पुन्हा एन लावायचे. काम उरकलं की काढायचे. आणि एका वेळी एन एकच. मध्येच दुसरं काम जास्त घाईचं आलं, तर पहिल्याचा काढून दुसऱ्याला लावायचा, आणि ते झालं की न विसरता पहिल्याला परत. त्या प्रोग्रॅमची एक खोड होती, काल न वाचलेल्या मेलला तो आज जुना असा शिक्का मारायचा. तीही त्यांनी बंद करून टाकली होती. म्हणायचे, "आपण केलं नाही म्हणून काम जुनं होत नाही."

घरातली कामंही याच वाटेने जायची. त्यांची बायको शुभाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, स्वयंपाकघरातून फोनवर मेल करायच्या आणि हे महाशय आतल्या खोलीत तो वाचायचे. अहो, गॅसचा नंबर लावा. अहो, न्हाणीघरातला नळ गळतोय. शुभाताई हसून सांगायच्या, "हाकेला ओ देईल तर शपथ, पण मेल वाचतो हो माणूस!" एकदा एन लागला की ते काम झालंच म्हणून समजायचं. इतक्या वर्षांत एन लावलेलं एकही काम त्या माणसाने सोडलं नव्हतं.

तर रेवती आतल्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसली. खिडकीबाहेर मिठागरं, त्यापलीकडे खाडी. दुपार कलली की तिकडून कांजूरमार्गच्या कचराडेपोचा वास येतो, म्हणून खिडकी घट्ट लावलेली. तिने पासवर्ड टाकला आणि काळ्या पडद्यावर यादी उमटली. शुभा. शुभा. शुभा. खाली खाली जावं तर शुभाच. मार्चपासून आज सकाळपर्यंत दोनशे अकरा मेल, आणि सगळे आईचे.

रेवतीला गलबलून आलं. तिने दोनचार विषय वाचले. अहो, आज दुधी कडू निघाला. अहो, गच्चीची किल्ली कुठे ठेवलीत? डोळे पुसता पुसता तिचं लक्ष ओळींच्या सुरुवातीकडे गेलं आणि हात तसाच राहिला. एकाही ओळीला एन नव्हता. आज सकाळी सातच्या मेललासुद्धा.

"आई, तू अजून बाबांना मेल लिहितेस?"

शुभाताई दारात आल्या, पदराला हात पुशीत. "लिहिते. मग? तुला काही त्रास आहे का त्याचा?"

"तसं नाही गं. पण हे मेल उघडतं कोण?"

"मी तरी नाही. मला मेलं ते काळं कधी समजलंय?"

"पासवर्ड कोणाला दिलायस?"

"मलाच माहीत नाही, तर देणार काय, कपाळ?"

रेवतीने शरच्चंद्रकाकांना फोन लावला. एन आपोआप जातो का हो, असं विचारलं. काका म्हणाले, "छे गं. उघडल्याशिवाय जात नाही. आणि पासवर्ड कालपासून तुझ्याशिवाय कोणाकडे नाही. तुझ्याच हातून एंटर दाबला गेला असेल." रेवतीला पक्कं ठाऊक होतं की तिने एकही मेल उघडला नव्हता. तरी म्हातारा माणूस आहे, कशाला वाद घाला, म्हणून तिने फोन ठेवला.

मग तिने स्वतःच्या फोनवरून बाबांना एक मेल टाकला. विषय, चाचणी. पडद्यावर नवी ओळ आली, पुढे स्वच्छ एन. ती खोलीचं दार ओढून घेऊन स्वयंपाकघरात चहा प्यायला गेली. आई आल्याचा तुकडा ठेचत होती. चहा कपात ओतला जातोय तोच आतून आवाज आला. टक्. कीबोर्डाची एकच कळ दाबल्याचा.

रेवतीने आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. शुभाताईंनी वर पाहिलंही नाही.

"तो असाच वाजतो अधूनमधून," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तेरावा झाला ना... तेव्हापासून."

"कॉम्प्युटर बंद असतानासुद्धा?"

"हो तर. साखर घे ना."

रेवती आत गेली. चाचणीच्या ओळीपुढचा एन गेला होता. खोली बंदच होती, पण आत एक वास भरला होता. कचऱ्याचा नव्हे, तो तिला चांगला ओळखता आला असता. चुलीवर पाणी ओतल्यावर ओल्या राखेचा उठतो, तसा वास. तिला एकदम मार्चमधली सकाळ आठवली, स्मशानात अस्थी गोळा करायला गेलेली. तिने घाईघाईने कॉम्प्युटर बंद केला आणि रिक्षा पकडली. घरी देवव्रत हसला. "अगं, सर्व्हर म्हातारा झालाय, करतो काहीबाही. आणि आईला घरात कोणीतरी हवंय, म्हणून तिला आवाज येतात." आवाज आपल्यालाही आला होता, हे रेवतीने त्याला सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी ती मुलुंडला गेली तेव्हा शेवंती, आईकडे धुणंभांडी करणारी, जिन्यातच भेटली. तिने रेवतीला कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, आजींकडे बघा जरा. चार दिस झाले, धड जेवत नाहीत. दोन घास खातात नि ताट सरकवतात. काल मला तीन साड्या दिल्या. चांगल्या, घडी न मोडलेल्या. मी म्हटलं कशाला, तर म्हणाल्या आता बाहेर जायला लागणार नाहीत."

रेवती वर गेली. आई पलंगावर बसून खिडकीकडे बघत होती. आठवड्यात गळ्याची हाडं वर आली होती. "काय झालंय गं तुला?" असं विचारलं, तर म्हणाली, "कुठे काय, भूक नाही एवढंच." रेवतीला कशाने सुचलं देव जाणे, पण ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि कॉम्प्युटर सुरू केला.

यादीत एन होता. एकच. चौदा नोव्हेंबरच्या ओळीला. गेल्या शनिवारी ही ओळ कोरी होती, म्हणजे हा मेल वाचून झालेला होता. वाचल्यावर कोणीतरी त्याला पुन्हा एन लावला होता. तिने तो उघडला. आईने लिहिलं होतं:

अहो, आज अंथरुणं उन्हात घातली. तुमची गादी मला एकटीला उचलवली नाही, तशीच ठेवली. खूप कंटाळा आला हो आता. मला घेऊन जा. शुभा.

रेवतीने ते तीनदा वाचलं. मग बाहेर येऊन आईपुढे उभी राहिली.

"आई, हे काय लिहून बसलीस तू?"

"वाचलंस होय?" शुभाताई ओशाळल्या. "अगं, एखादा दिवस असतो तसा. लिहिलं आपलं."

"त्याला एन लागलाय, आई."

एवढं बोलली आणि रेवतीला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. कारण शुभाताईंचा चेहरा उजळला. सत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडावर एखाद्या नव्या नवरीचं हसू आलं.

"लागला? खरंच? अगं मग आधी नाही का सांगायचंस!" त्या लगबगीने उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि मोजून घेतलेली मटकी पुन्हा डब्यात ओतली. "मग आता भिजत कशाला घालू? वाया जाईल."

रेवतीची तेव्हा खरी पाचावर धारण बसली. ती धावत आत गेली. मेल उघडलेला होता, म्हणजे एन जायला हवा होता, आणि गेलाही होता. ती श्वास रोखून बघत बसली. पडद्यावरचा कर्सर हलला. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि कर्सर एकेक ओळ खाली उतरत त्या मेलवर येऊन थांबला. मग कीबोर्डावर आवाज झाला. एक जड, एक हलका. शिफ्ट आणि एन. ओळीला एन लागला.

तिने तो काढला. पुन्हा लागला. तिने मेल पुसून टाकला, प्रोग्रॅम बंद केला, पुन्हा उघडला. मेल जागच्या जागी, पुढे एन. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. सहाव्या वेळी तिने चिडून प्लगच उपटला आणि गॅलरीत येऊन शरच्चंद्रकाकांना फोन केला.

"काका, बाबांचं खातं आजच बंद करा. आत्ता. मला काही नको त्यातलं."

"बरं बरं, करतो. थांब हं." पलीकडे बराच वेळ कळा वाजल्या. "बंद होत नाहीये गं. खातं वापरात आहे म्हणतंय. तू आधी बाहेर पड ना."

"मी बाहेरच आहे काका. मशीन बंद आहे. प्लगसुद्धा काढलाय."

काकांचा आवाज अगदी खाली गेला.

"मग रेवती... आत कोण बसलंय?"

तिने सर्व्हरच बंद करा म्हटलं, तर काका म्हणाले त्यावर चारशे माणसांचा मेल आहे, कोणाला काय सांगू? त्यांनी दोन दिवस वेगवेगळ्या वाटांनी प्रयत्न केला. दर वेळी खातं वापरात.

आईला घाटकोपरला नेऊ म्हटलं, तर ती जागची हलेना. "हे आले आणि मी घरात नसले तर? शोधत बसतील ना." अशा बाईला ओढून कसं नेणार? शेवटी रेवतीच मुलुंडला येऊन राहिली. ऑफिसात सांगितलं, आई आजारी आहे. खोटंही नव्हतं ते. बुधवारी शुभाताईंना पलंगावरून उठवेना. डॉक्टर घरी येऊन गेले. रिपोर्ट सगळे चांगले होते, तेच त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, "पोटात काही जात नाहीये, दुसरं काही नाही. उद्या सकाळपर्यंत असंच राहिलं तर ॲडमिट करा." आई डोळे मिटून पडली होती आणि ओठांवर तेच हसू होतं. रेवतीने चमच्याने पेज भरवली, ती गालावरून ओघळली.

एकुलती एक मुलगी हो ती. नऊ महिन्यांपूर्वी बाप गेला, आता डोळ्यांदेखत आई निघाली होती. दुपारी चारच्या सुमारास तिचा धीर सुटला. ती आत गेली, प्लग लावला आणि त्या एनकडे बघून रडत रडत बाबांशी भांडायला लागली. भांडता भांडता तिने फोनवर मेल लिहिला. विचार करून लिहिला असता तर एकेक शब्द तोलला असता, पण माणूस बुडताना हाताला काय लागतंय ते बघतो का?

बाबा, आईला नेऊ नका. मला तिच्याशिवाय कोणी नाही. तुम्हाला एवढीच तिची आठवण येत असेल, तर तुम्हीच इकडे या. रेवती.

मेल गेला. पडद्यावर तळाला नवी ओळ आली, एनसकट. खोलीत ओल्या राखेचा वास दाटला. टक्. एन गेला. बाबांनी वाचला. रेवती मुठी आवळून बसली. किती वेळ गेला कोण जाणे, बाहेर मिठागरांवरचं ऊन पिवळं झालं होतं. मग जड आणि हलका असे दोन आवाज झाले आणि चौदा नोव्हेंबरच्या ओळीपुढचा एन गेला. पुन्हा तेच दोन आवाज, आणि रेवतीच्या मेलला एन लागला.

ती पुढे काही समजून घेणार, इतक्यात बाहेरून हाक आली.

"रेवती... मेतकूट आहे का गं घरात? भात टाक ना थोडा. मऊ."

भात होईपर्यंत रेवती कुकरपाशी उभी राहून रडत होती. शुभाताई वाटीभर भात खाऊन पुन्हा ताक मागून प्यायल्या. दोन दिवसांत उठून बसल्या, चौथ्या दिवशी शेवंतीला भांडी नीट घासली नाहीत म्हणून बोलल्या. शेवंती इतकी खूश झाली की तिने बोलणी हसत ऐकून घेतली. तिन्ही साड्याही परत आणून दिल्या, भली बाई.

आपल्या मेलला एन आहे, हे रेवती विसरली नव्हती. पण तिने मनाची समजूत घातली. बाबा येतील म्हणजे काय, आईच्या स्वप्नात येतील. आणि आले तरी बाबाच ते, वैरी थोडेच आहेत! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसली समजूत. ती घाटकोपरला परतली, रोज दोनदा फोन करायची, आणि आई फोनवर अगदी टवटवीत वाटायची. शरच्चंद्रकाकांनाही तिने कळवलं की राहू दे आता, महिनाअखेरीला होईल ते होईल.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी दिवेलागणीला ती मुलुंडला गेली. बरोबर देवव्रतही होता. तो खाली गाडी लावत राहिला, ती पुढे आली. दार उघडलं शुभाताईंनी. ठेवणीतली जांभळी साडी, केसांत अबोलीचा गजरा. रेवतीने कौतुकाने बघितलं, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच तो वास आला. आतल्या खोलीतच यायचा तो आता घरभर होता. पडद्यांना, उशांना, आईच्या पदराला.

"खिडक्या उघड ना आई. कसला वास कोंडलाय!"

"मला नाही येत बाई कसला. बस, चहा टाकते."

बोलता बोलता रेवतीने सहज विचारलं, "काय गं, बाबांना हल्ली काय काय लिहितेस?"

"हल्ली नाही लिहीत."

"का?"

शुभाताईंनी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं, ज्योत बारीक केली. "आता कशाला लिहायचं? समोरासमोर बोलतो की."

"कोण... कोणाशी बोलतेस, आई?"

"हळू बोल. मंगळवारपासून आलेत. दमलेत जरा."

रेवती आतल्या खोलीकडे धावली. खोलीत कोणी नव्हतं. कॉम्प्युटर सुरूच होता, अंधारात तेवढाच उजेड. ती खुर्चीत बसली आणि तिने यादी पाहिली. तिच्या मेलपुढचा एन गेला होता. बाबा, तुम्हीच इकडे या, हे काम झालं होतं. आणि वर, चौदा नोव्हेंबरच्या ओळीला, एन परत लागला होता.

तेव्हा कुठे तिला उमगलं. बाबांनी आईचं काम सोडलं नव्हतं. लेकीचं घाईचं म्हणून तिचं आधी हातात घेतलं, ते उरकलं, आणि आता रीतीप्रमाणे पहिलं पुन्हा समोर ओढलं. आतापर्यंत ते तिकडे बसून आईला नेऊ पाहत होते. आता ते घरात होते. आणि त्यांना घरात बोलावलं होतं रेवतीने.

"रेवती." शुभाताई दारात उभ्या होत्या. पायांत चपला होत्या, खांद्याला बाहेर जातानाची पर्स. आवाज मायेचा, समजावणीचा. "ऊठ गं त्या खुर्चीवरून. ह्यांना बसू दे. एकच काम राहिलंय म्हणतात."

रेवती उठली नाही. खुर्चीचे दोन्ही हात तिने गच्च धरले. देवव्रत वर आला तेव्हा ती तशीच बसलेली होती आणि शुभाताई दाराला टेकून, पर्स सावरीत, कोणाची तरी वाट बघत उभ्या होत्या.

त्याला आता महिना होऊन गेला. एकतीस डिसेंबर आला आणि गेला, शरच्चंद्रकाकांच्या हातून ते खातं काही बंद झालं नाही. रेवतीने मुलुंडलाच मुक्काम हलवलाय. ऑफिसचं काम तिथूनच करते, त्याच खुर्चीत. जेवते तिथे, झोपते तिथे, मान पार आखडून गेलीय. शेवंती ताट आणून देते. शुभाताई रोज संध्याकाळी साडी बदलून, पर्स घेऊन दारात येतात, थोडा वेळ उभ्या राहतात आणि "किती अडवशील गं?" म्हणून परत जातात. खातात, पितात, तब्येत ठणठणीत आहे. जोवर ती खुर्ची रिकामी होत नाही तोवर आईला काही होणार नाही, असं रेवतीने धरून ठेवलंय. आंघोळीला वगैरे उठायचं झालं तर देवव्रतला बसवून जाते. तो आधी हसायचा. बायकोच्या समाधानासाठी बसतो म्हणायचा.

परवा सकाळी शरच्चंद्रकाकांना देवव्रतचा फोन आला. इतक्या दबक्या आवाजात बोलत होता की काकांना आधी तो कोण ते कळेना.

"काका, मी खुर्चीत बसलोय. रेवती आंघोळीला गेलीय... तुम्ही फोन ठेवू नका हं."

"नाही ठेवत. काय झालं?"

"मी उठलो नाहीये, काका. तिला सांगा, मी उठलो नव्हतो." त्याला धाप लागली होती. "माझ्या मांडीवर वजन येतंय..."